फुटलेल्या बांधाची मदत

१८ ऑगस्ट १९६६, चिंचणी
काल दुपारच्या उधाणात समुद्र अडवणारा खाजणाचा बांध फुटला. अकरा जणांच्या भातात समुद्र शिरला, त्यात आमचाही तुकडा. रोपं अजून उभी दिसतात, पण खारं पाणी लागलं म्हणजे संपलंच. शाळा सुटल्यावर जाऊन आले. जानकी बांधावर बसली होती. आमचा तुकडा ती नि तिचा नवरा अर्धेलीने करतात. रडत नव्हती. नुसती बघत होती.
हे बांध-समितीचे चिटणीस. काल संध्याकाळच्याच एस.टी.ने मदतीचा अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. इतक्या लवकर अर्ज तयार?

२० ऑगस्ट
मुलांच्या तपासायच्या वह्या शोधताना अर्जाची कार्बन-प्रत हाती आली. ‘बांध फुटून अतोनात नुकसान...’ खाली तारीख १६. फुटला १७ ला.
विचारलं. “घाईत चुकली असेल.”
धोब्याच्या हिशेबातसुद्धा ह्यांची तारीख चुकत नाही.

२३ ऑगस्ट
मागच्या वर्षीचं आठवलं. बांध गळतो, दुरुस्तीला पैसे द्या, म्हणून हे चारदा कचेरीत गेले होते. तिथला कारकून म्हणाला होता, “फुटलेल्या बांधाला मदत असते, फुटणाऱ्याला नसते.” हे घरी येऊन किती हसले होते. तेव्हा मीही हसले.
आता दुरुस्तीचा बहुतेक खर्च सरकार देणार. बुडालेल्या भाताची मदत वेगळी, ज्याच्या नावावर जमीन त्याला. जानकीचं नाव कुठेच नाही.

२८ ऑगस्ट
जानकी शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. हे घरात नव्हते. हळूच म्हणाली, “बाय, बांद आपसूक नाय फुटला. सकाळी दोगं फावडी घेऊन व्हती तिथं.”
“कोण दोघं?”
“लांबून नाय वळखलं.” हे म्हणताना खुंटीवरच्या ह्यांच्या छत्रीकडे बघत होती. की मलाच तसं वाटलं?
त्या दिवशी सकाळी हे कुठे होते? वाडीत, असं म्हणाले होते. मी शाळेत.

४ सप्टें.
ह्यांनी जानकीच्या नवऱ्याला बांधाच्या कामावर मुकादम केलं. शिवाय भाताच्या मदतीतला निम्मा वाटा कबूल केला. आपणहून! एक नारळ देताना दहादा हलवून बघणारा माणूस.
चांगलं झालं, असं मन म्हणेना.

९ सप्टें.
चौकशीला साहेब येणार. कुणीतरी निनावी पत्र घातलंय म्हणे. हे माझ्याकडे पाहत राहिले.
“मी नाही,” म्हटलं.
“मी कुठे काय म्हणालो?”
मग मीच विचारलं, बांध फुटला की फोडला? ह्यांनी छत्री खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “पुढे कुठल्यातरी उधाणाला फुटलाच असता. तेव्हा भाताचं पीक कापणीला आलं असतं. आता निदान नवा बांध तरी मिळतोय.”
हे काही उत्तर नाही. आणि आहेही.

१३ सप्टें.
साहेब शाळेच्याच ओसरीवर बसले. सगळे शेतकरी हजर. खेकड्यांनी बांध पोखरला होता, असं एकेकाने सांगितलं. जानकीनेही. “खेकडंच, सायेब.”
पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही हवी. बाई शिकलेल्या, गावात मान. कागद पुढे आला. ह्यांनी आपलंच पेन उघडून दिलं.
तोंडातून निघून गेलं, “जानकी मला वेगळं सांगत होती.”
जानकीने मान वर केली. “मी कवा बोलली, बाय?”
तिचं नाव घ्यायला नको होतं. तिच्या नवऱ्याचं काम, निम्मा वाटा, सगळं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी माझं काहीच पणाला लावलं नाही, लावलं ते तिचं.
सही केली नाही. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. काय, ते दिसलं नाही. “पुन्हा बोलवू,” म्हणाले.
घरी येताना हे दहा पावलं पुढे. एकदाही वळून पाहिलं नाही.

१४ सप्टें.
आज खाजणाच्या बांधावर माती पडायला लागली. जानकी डोक्यावर पाटी घेऊन समोरून आली. मी थांबले. ती थांबली नाही.