चुलीमागचा आजोबा

तळ्याकाठची वस्ती
ईस्टरआधीच्या उपासाचा चौथा आठवडा

प्रिय ल्यावोन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच चुलीत टाकशील, असं अंतोन म्हणतो. मी म्हटलं, टाकेल, पण आधी वाचेल. मी का तुला आज ओळखते? लहानपणी रुसून ताटावरून उठायचास आणि मग दाराआडून बघत राहायचास, बटाट्याची धिरडी किती उरली ते. तेव्हा वाच, आणि मग काय जाळायचं ते जाळ.

आधी चांगली बातमी. तुझी भाची दारका बाळंत झाली, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं रक्त तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाल्या, तेव्हा तुझा दाजी अंतोन, जो कुणाच्या मयतालाही रडत नाही, तो दवाखान्याच्या पायरीवर बसून टोपीत तोंड खुपसून रडला. नाव परास्का ठेवलंय, आईचं. मूठ घट्ट मिटून झोपते आणि दूध पाजायला उशीर झाला तर साऱ्या वस्तीला उठवते. आईचं फक्त नावच घेऊन आली असती तरी चाललं असतं! तर तू आता आजोबा झालास, डोक्यावर केस शाबूत असतानाच.

दुसरं म्हणजे, वस्तीत शेवटचं घर होत आलंय. भिंती गेल्या उन्हाळ्यातच झाल्या, आता आत चूल बांधताहेत. त्यात राहायला येणारं जोडपं आपल्याच मुलखातलं आहे, पदरी लहान पोरं आहेत. एवढं झालं की संस्थेची माणसं गाशा गुंडाळणार. कितीतरी कुटुंबं त्यांनी त्या विषारी मातीतून उचलून इथे आणून रुजवली. पैसे संपले म्हण, माणसं म्हातारी झाली म्हण. जगाला ते अणुकेंद्र फुटल्याचा आता विसर पडत चाललाय. तिकडे त्यांच्या गावी वर्गणी मागायला गेलं की लोक म्हणे विचारतात, अजून संपलं नाही का ते?

शेजारी चिखल तुडवायला लागले की मला आपल्या घराचा उन्हाळा आठवतो. फुकट घर कुणाला नाही, हा संस्थेचा नियम तुला फार आवडला होता. आपल्या भिंतीचा चिखल आपण तुडवायचा आणि मग शेजाऱ्याचाही. तू जंगलातल्या मनोऱ्यावरची वणव्याची रखवाली सोडून सुट्टी काढून आला होतास, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून माती आणि राय धान्याचा पेंढा कालवत होतास, आणि आई ओसरीच्या ओंडक्यावर बसून सगळ्यांच्या चुका काढत होती. त्यात ते जर्मन मदतीला आले. आईचा चेहरा आठवतो ना? ज्यांनी लढाईत गाव जाळलं त्यांचीच पोरं गाव बांधायला आली, म्हणाली, देवाच्या दरबारात वेळ लागतो पण निकाल लागतो. मग उठून सरळ त्या पांढऱ्या केसांच्या हाइनरपुढे जाऊन उभी राहिली. "तुझा बाप कुठे होता रे तेव्हा?" दुभाषी पोरगी बिचारी घामाघूम झाली. हाइनरनं हातातली थापी खाली ठेवली आणि म्हणाला, इकडेच होता. कुठल्या गावात, ते मरेपर्यंत सांगितलं नाही, म्हणून मी आलो. दुसऱ्या दिवशी आई त्याच्यासाठी पाव आणि खारवलेली चरबी घेऊन गेली. "खा. आणि ती खिडकी वाकडी बसवलीयस, ती काढ आणि नीट बसव." त्यानं खरंच काढून परत बसवली. अजून ती खिडकी ओळंब्यात आहे. दुसरी, जी आईनं पाहिली नव्हती, ती मात्र जरा कललेलीच आहे.

तेव्हा वाटलं होतं, आई इथे रमेल. तू मनोऱ्यावर परत गेलास आणि त्यानंतर शरदात आम्ही बिऱ्हाड हलवलं. त्या दिवशी काय झालं ते आईनं तिच्या बाजूनं तुला सांगितलंच असेल. माझ्या बाजूनं मी कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि मला आपणहून सांगायची सवय नाही.

नव्या घराच्या दाराशी संस्थेचा इग्नात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन उभा होता. प्रत्येकाचं सामान तपासायचं आणि मगच आत घ्यायचं. गोधड्या पास झाल्या, शिलाई मशीन पास झालं, कोपऱ्यातला देवही पास झाला. मांजराला आधी आत सोडायचं म्हणून दारका ते काखेत धरून उभी होती. आणि मग आई पुढे झाली. तिच्या कोटावर यंत्र धरताच ते असं किंचाळलं की मांजर उडी मारून पळालं. इग्नातचं तोंड पांढरंफटक पडलं. आईनं रुमालाखालून गाडगं काढलं. जुन्या चुलीतले निखारे. साऱ्या प्रवासात मांडीवर धरून आणलेले. वाटेत विझून त्यांची राख झाली होती.

आपल्यात कोण घर बदलताना हे करत नाही? घर राखणाऱ्या चुलीमागच्या आजोबाला असं निखाऱ्यात बसवून, हाक मारून बरोबर न्यायचं असतं, नाहीतर तो मागे रिकाम्या घरात रडत राहतो आणि नव्या घराला घरपण येत नाही. आजीनं तिच्या आजीचं पाहिलं, आईनं आजीचं. पण इग्नात तरी काय चुकीचं बोलला? तो म्हणाला, आजी, झाडं मातीतलं सगळं विष ओढून घेतात. लाकूड जळून जातं, विष जळत नाही, ते राखेत उरतं. अख्ख्या गावात या राखेइतकं वाईट काही नसेल. ही घरात नको, आणि चुलीत तर नकोच, घरात नात आहे. आई म्हणाली, "राख कुणाला म्हणतोस? आजोबा आहे तो." कुणीही हसलं नाही, ल्यावोन. तिथे उभी असलेली सगळी आपलीच माणसं, कुणी गाडगं आणलं होतं, कुणाला आणायचं होतं. इग्नातनं हातमोजे घातले, ती राख पत्र्याच्या पिंपात ओतली, झाकण लावलं. ते झाकण लागतानाचा आवाज आईनं ऐकला. मी तिचा हात धरला होता. तो हात माझ्या हातातून सुटला, आणि मला वाटतं तो पुन्हा कधी माझ्या हातात आलाच नाही.

मग तो हिवाळा. ती चुलीजवळच्या बाकावर बसायची, पण कोट घालून. रात्रीचं अंथरूण सकाळी गुंडाळून, दोरीनं बांधून दाराजवळ ठेवायची, जणू गाडी यायची आहे. आणि जेवण झालं की हात जोडून म्हणायची, "देव बरं करो तुमचं, फार छान पाहुणचार केलात." पहिल्यांदा मी हसले. नंतर रागावले. नंतर नंतर तिचं जेवण व्हायची वेळ आली की मी गोठ्यात निघून जायची, ते ऐकायला नको म्हणून. सख्खी आई लेकीच्या घरी आभार मानून जेवते, हे सोसत नाही रे. तू ख्रिसमसला आलास आणि तिला परत जुन्या घरी घेऊन गेलास. निघताना तिनं अंतोनचेही आभार मानले.

तिला नेलंस याचा मला राग होता, अजूनही सगळा गेलेला नाही. पण रोज सकाळी तिनं कोट काढून खुंटीला टांगलेला असायचा, हे तू एका चिठ्ठीत लिहिलं होतंस. ती ओळ वाचून मी चूल पेटवायची विसरले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू तिला मरायला नव्हे, जगायला नेलं होतंस. कळलंही असेल. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं, आपल्या घरात तर फारच वेगळं.

मग काही वर्षांनी ती फेब्रुवारीची तार. दोन गाड्या आणि एक बस बदलून मी आपल्या जुन्या मुलखाच्या फाटकाशी पोचले तर माझ्या नावाचा परवाना नाही. गावं बंद आहेत, परवान्याशिवाय आत कुणी नाही. मी म्हटलं, माझी आई गेलीय. तो पहारेकरी पोरगेलासाच होता, म्हणाला, मावशी, इथे सगळ्यांचंच कुणीतरी गेलंय. तू घोडागाडी घेऊन आलास. फाटकाचा आडवा बांबू मध्ये, पलीकडे तू, अलीकडे मी. माती झाली होती. तू म्हणालास, "आईला तिचं घर मिळालं. आता तू तुझ्या घरी जा." मी म्हणाले, "तूच मारलंस तिला." आणि त्या पोराला इतकं अवघडलं की तो आपल्या बुटांवरचा बर्फ झाडत बसला. एकाच आईची दोन लेकरं, तिच्या कबरीवरची माती सुकली नव्हती, आणि आपण हे बोललो. परतीच्या बसमध्ये मला आठवलं की तुझ्या हातात मोजेही नव्हते. ते मी विचारायला हवं होतं, दुसरं काही न बोलता.

त्यानंतर दोन शरद गेले, तुझ्या अळंब्यांची माळ आली नाही. आधी दर वर्षी यायची. तुला माहीत असेलच की आम्ही ती खात नव्हतो. इग्नातच्या यंत्रापुढे धरली की ते रातकिड्यासारखं किरकिरायचं. मी ती एक दिवस बाहेरच्या खिळ्याला टांगून ठेवायची, त्या वासासाठी, आणि मग दूर खड्डा करून पुरायची. पण टाकली कधी नाही. आता तो खिळा रिकामा आहे आणि अंतोन त्याच्यावर टोपी टांगतो. मला ते बघवत नाही.

पत्र लांबलं. आता मूळ गोष्टीवर येते. परवा इग्नात आला. संस्थेचं गोदाम रिकामं करताहेत, तर त्याच्या हातात आपलं गाडगं. त्यानं ते टाकलंच नव्हतं. घासूनपुसून, किती पाण्यांनी कोण जाणे, स्वच्छ करून ठेवलं होतं आणि इतकी वर्षं त्यात खिळे ठेवत होता. म्हणाला, आजींना द्यायचं होतं, पण त्या निघून गेल्या. माझ्यासमोर यंत्र आत घातलं. ते गप्प राहिलं. मग तो उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, तैसिया, माझीही आजी होती हो, तिचंही गाडगं मीच ओतलं. मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

तर ऐक. ईस्टर झाल्यावर राडाउनित्साच्या मंगळवारी, पितरांना जेवू घालायच्या दिवशी, फाटक सगळ्यांना उघडं असतं, परवाना लागत नाही. मी येते आहे. कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी आणते, आईच्या मातीवर ठेवू. आणि ते गाडगं आणते, रिकामं. त्यात काही घालायचं नाही, चिमूटभर राखही नाही, घातलीस तर याद राख! आजोबा काही इतका जाडजूड नाही की त्याला बसायला निखारेच लागावेत. त्याला नुसती हाक पुरेल. पण ती मला मारता येत नाही. मी लग्न होऊन दुसऱ्या घरची झाले. हाक त्या घरच्या कर्त्यानं मारायची असते, आई होती तोवर आईनं, आता तूच. आणि ज्यानं हाक मारली त्यानंच गाडगं मांडीवर धरून नव्या चुलीपर्यंत यायचं असतं, मध्येच दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, हे तुलाही माहीत आहे. मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, हेही तुला माहीत आहे. मनोऱ्यावरून कुठल्या वणव्याकडे बघत बसणार आहेस आता एकटा? आईच्या बाकावर कुणी बसत नाही. परास्काला मामा-आजोबा हवा आहे. घोडा विकू नकोस, कुणाला तरी देऊन ये. फक्त एक अट आहे, ल्यावोन. माझ्या घरी जेवलास की आभार मानायचे नाहीत.

तुझीच,
थोरली, तोंडाळ,
तैसिया