लिऊला घरी आणायचं

३ डिसेंबर २०१२, सोमवार

— नाही म्हणजे काय नाही! चौथ्यांदा गेले मी. चौथ्यांदा! तालुक्याच्या कचेरीतला तो चष्मेवाला रजिस्टर उघडायच्या आधीच मान हलवतो. "थामताई, तुमच्या आईचं नाव शहिदांच्या यादीत नाही." नाही तर घाल! "यादीत नाही म्हणून शोध नाही. लढाईत रस्ते दुरुस्त करणाऱ्या तुकडीच्या कागदावर तिच्यापुढं 'गैरहजर' लिहिलंय." गैरहजर! शाळा होती का ती? एकवीस वर्षांची पोरगी विमानं डोक्यावर असताना खड्डे बुजवत होती. एक दिवस दिसेनाशी झाली. आणि हे लिहिणार गैरहजर!

म्हणजे पळाली, असं. गावही तेच म्हणतं. लग्न नाही, नवरा नाही, आणि लढाईवरून आली ती पाठीवरच्या टोपलीत पोर घेऊन — ते पोर म्हणजे मी. मला आजीच्या मांडीवर ठेवलं, तीन दिवस राहिली, परत गेली. पुन्हा आली नाही. तसली बाई, एखाद्या ट्रकवाल्याबरोबर गेली असणार! एक्केचाळीस वर्षं ऐकतेय.

वर म्हणतो, "हा फॉर्म वाचता येईल ना तुम्हाला?" म्हटलं, चौथी शिकलेय. 'गैरहजर' वाचता येतं मला.

घरी आले तर आजीनं विचारलंसुद्धा नाही. त्र्याऐंशी वर्षांची झाली. शेताच्या कडेला आजोबांच्या कबरीशेजारी तिची जागा ठरलीय, आणि तिच्याशेजारी एक जागा रिकामी ठेवलीय. लिऊची, माझ्या आईची. आजी जायच्या आत लिऊ तिथं यायला हवी. बास. दुसरं काही मागत नाही मी कुणाकडं.

४ डिसेंबर

बदकांनी आज निम्मीच अंडी दिली. दोआन म्हणतो, "काल तू आल्यापासून ओरडतेयस, ती घाबरली." नवरा आहे की शत्रू!

९ डिसेंबर

नणंदेनं आत्मे बोलावणारा बाबा आणला. पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल. म्हणे, कबर कुठं आहे ते मी सांगतो. तिथं जायचं, मातीत जेवायची काडी उभी रोवायची, टोकावर अंडं ठेवायचं. अंडं पडलं नाही, तर आई तिथंच.

"अंगणात करून दाखवा," मी म्हटलं.

माझ्या टोपलीतलं अंडं दिलं. पडलं. दुसरं दिलं. पडलं! मग म्हणाला, या अंड्यांवर संसाराची छाया आहे, आणि स्वतःच्या झोळीतून एक काढलं. ते उभं राहिलं! नणंदेनं हात जोडले. मी अंडं उचललं. वीस वर्षं अंडी विकतेय. हातात घेतल्याबरोबर कळलं. दगडावर फोडलं — आत वाळू!

बाबा चप्पल न घालता गेला. दोआन इतका हसला की ठसका लागला. नणंद मात्र रडत बसली. म्हणाली, "वहिनी, निदान एक जागा तरी सांगितली असती त्यानं."

तेव्हा तिला झापलं. आता लिहिताना वाटतंय, दोन अंडी पडली तेव्हा तिसरं उभं राहावं असं मलाही वाटलंच होतं.

१५ डिसेंबर

फोन आला!! आईला शोधतेय असं माझं निवेदन मागच्या महिन्यात रेडिओवर वाचलं होतं, ते एका भिक्षुणीनं ऐकलं. 'न्हाई' असं तिचं नाव. आवाज चिरका. "लिऊ? डाव्या हातानं फावडं मारायची ती लिऊ?" मी धावत आजीकडं गेले. "आजी, लिऊ डावरी होती का?" आजी सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. "मी तिला चोप दिला होता त्यासाठी," म्हणाली.

परवाच जाते. कोण अडवतंय बघू.

१७ डिसेंबर

भिक्षुणीच्या देवळातून आत्ताच परतले.

न्हाईमावशी पासष्टीच्या आत-बाहेर असेल. डोकं भादरलेलं, उजवा हात कोपरापासून नाही. देवळाच्या मागं पालक खुरपत होती. मला बघून उठली ती बघतच राहिली.

"तू टोपलीतली?"

"हो."

"जगलीस! अगं, तू जगलीस!" आणि एका हातानं माझं तोंड चाचपायला लागली, चिखलासकट. "लिऊ तीन दिवस चालली तुला घेऊन. तांदळाची पेज फडक्यातून पिळून पाजली. आम्ही म्हणायचो, वाटेतच संपेल हे पोर."

आईचं दूध आटलं असणार. खायला काय होतं तिथं!

मग मावशी म्हणाली, "आजीनं तुला सांगितलंच असेल सगळं." मी म्हटलं, "सांगितलं, सांगितलं! ते राहू दे. तिला पुरलं कुठं ते आधी बोला." तिनं चिखलाचा हात झग्याला पुसला. मग कागद मागितला आणि डाव्या हातानं नकाशा काढायला बसली. ओढा, वळण, बसलेल्या म्हशीसारखा खडक.

आई पळाली नव्हती! न फुटलेला बॉम्ब रस्त्यात पडला होता. त्याच्याजवळ निशाण रोवायची पाळी आईची. रोवलं, वळली, आणि तो फुटला. मावशीनं आणि तुकडीच्या प्रमुख बाईनं तिला पॅराशूटच्या कापडात गुंडाळून पुरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बॉम्ब पडले, त्यात त्या प्रमुख बाई मेल्या, मावशीचा हात गेला, तिला बेशुद्धच दवाखान्यात नेलं. तुकडीत सांगणारं कुणी उरलं नाही. नव्या माणसानं हजेरी घेतली, लिऊनं ओ दिली नाही. झाली गैरहजर!

आणि तिथी! चांद्रवर्षाच्या दुसऱ्या महिन्याची नववी. मावशीला पक्कं ठाऊक — चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा होता, त्याच उजेडात खणलं.

आम्ही तर ती घरातून गेली तो दिवस धरून श्राद्ध करतो. पाचव्या महिन्यात! चाळीस वर्षं चुकीच्या दिवशी ताट वाढलं. चाळीस वर्षं ती दुसऱ्या महिन्यात दाराशी येऊन उपाशी परत गेली असेल! परतीच्या बसमध्ये एवढं हुंदके देऊन रडले की शेजारच्या बाईनं केळं दिलं. खाल्लं.

२६ डिसेंबर

पोचलो. मी, दोआन, न्हाईमावशी. जंगल नाहीच! सगळीकडं कागदासाठी लावलेली झाडं, रांगेत. मावशी रस्त्यातच खाली बसली. "माझं जंगल कुठं गेलं?" उद्या जवळच्या गावातली माणसं फावडी घेऊन येतायत, तिथल्या कचेरीचा डॉक्टरही.

२७ डिसेंबर

म्हैस सापडली! खडक! अर्धी म्हैस सुरुंगानं उडवलीय, पण ढुंगण तसंच आहे. मावशी एवढ्या जोरात ओरडली की ती भिक्षुणी आहे हे सगळे विसरले.

पहिला खड्डा, काही नाही. दुसरा, काही नाही. दोआन म्हणाला, "थाम, अंडं आणलंयस का?" मी ढेकूळ फेकून मारलं. तिसऱ्यात, कमरेएवढ्या खोलीवर, हिरवट कापड.

फावडी बाजूला, हातांनी माती काढली. टायरच्या चपलेचा तळ. मग ती. केवढीशी! माझ्या थोरल्या लेकीपेक्षा लहान. औषधाची एक छोटी बाटली — तिच्यात नाव लिहून पुरायचे. बुचाचं रबर कुजलेलं, कागदाचा लगदा झालेला. एक अक्षर नाही. पण पुढच्या दोन दातांत फट! आजीलाही आहे तशी फट. मी मोठ्यानं हाक मारली, "आई!" आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द कुणाला तरी समोर बघून म्हटला.

मावशी म्हणाली, "लिऊच ही." पण कचेरीला मावशीचा शब्द चालत नाही, नाव लागतं.

पाच मसाल्यांचं सुगंधी पाणी घेऊन गेले होते. हाडं मुलीनं धुवायची, तेव्हाच माणूस घरचा होतो. बाटली उघडली तर तिथल्या डॉक्टरनं मनगट धरलं. "ताई, हाडं कुणाची त्याची तपासणी होईल, निकाल येईपर्यंत धुऊ नका." मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही. मातीच्या पेटीत ठेवली तिला, तशीच, मळकी. तिथल्या स्मशानाच्या खोलीत. खिडकीजवळ ठेवायला लावली.

३० डिसेंबर

डॉक्टर बाई घरी आल्या, गालाच्या आतून कापसानं थुंकी घेतात. म्हणाल्या, रक्तातली एक खूण आईकडून मुलीत येते, तिच्याकडून तिच्या मुलीत. आजी, लिऊ, मी — तिघींत एकच असणार.

आजी हटून बसली. "माझी एकटीची घ्या. जन्म मी दिलाय. हिची कशाला?" मी म्हटलं, "सुपारीनं लाल झालेली तुझी थुंकी, चालली नाही तर?" "चालेल!" "आणि नाही चालली तर?" "तू गप बस, बदकवाले!"

बाई परत निघाल्या तेव्हा फाटकाबाहेर गाठलं आणि तोंड उघडून माझीही थुंकी दिली. दोन असलेल्या बऱ्या. आजीला सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी २०१३, नवं वर्ष

आजीनं ताटं मांडताना एक वाटी जास्त मांडली. मी तिच्यात भात वाढला.

११ मार्च

निकाल या आठवड्यात! चष्मेवाल्याचा स्वतःहून फोन. उद्यापासून दुसरा महिना लागतो, आणि वीस तारखेला नववी. बरोब्बर नववीला! चार दिवसांत तिला आणते, धुते, खऱ्या दिवशी ताट वाढते. चिकट भात, कोंबडी, आणि बदकाची खारवलेली अंडी, आजपर्यंतची सर्वांत मोठी निवडून ठेवलीयत. अख्ख्या गावाला बोलावणार. पळाली म्हणणाऱ्या प्रत्येकीला! पहिल्या पंगतीत बसवणार.

आजी खात नाहीये नीट. म्हटलं, आनंदानं होतं असं.

१४ मार्च

आई सापडली. चष्मेवाल्यानं उभं राहून कागद दिला. 'गैरहजर' माझ्यासमोर खोडलं, तिथं 'कामावर असताना मृत्यू' लिहिलं.

खालच्या तीन ओळी मी बसमध्ये वाचल्या. अस्थी आणि आजी: मेळ बसतो. अस्थी आणि थाम: मेळ बसत नाही. आजी आणि थाम: मेळ बसत नाही.

चार वेळा वाचलं. चौथी शिकलेय, वाचता येतं मला.

लग्नाशिवाय पोर झालं म्हणून गावानं जिला चाळीस वर्षं नावं ठेवली, त्या लिऊला पोर झालंच नव्हतं. म्हणून फडक्यातून पेज.

आजीपुढं कागद ठेवला. ती म्हणाली, "आधी जेव." मी म्हटलं, हाडं मीच धुणार, ते विचारत नाहीये. पण लिऊनं मला कुणाच्या हातातून उचललं, आणि मला जन्म देणारी ती बाई कुठं पडलीय — तिचंही ताट वाढायचंय मला. नववीच्या सकाळपर्यंत सांग, आजी. त्यानंतर एक दिवस नाही.