तीनचा खेळ

ता. ४ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

मी इथे ठीक. गुडघे कुरकुरतात पण जागेवर आहेत, दात निम्मे आहेत, आणि तू जाताना कुंडीत खोचून गेलेल्या गुलाबाच्या फांदीला दोन पानं फुटली आहेत. एक तुझं, एक माझं असं मी ठरवून टाकलंय.

तुझं पत्र गुरुवारी आलं. पाकीट एवढं मोठं आणि आत चारच ओळी. आणखी काही अडकलंय का म्हणून मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. ‘बाबा, निघताना दारात मी एक विचारलं. तुम्ही “बघू पुढे” म्हणालात. मला उत्तर मिळालं, पुन्हा विचारणार नाही. सिनेमे बघत जा.’ अक्षर मात्र अजून चौथीतलंच हं तुझं, रेघ सोडून वर चढणारं.

शेवटच्या ओळीचं आधी लिहितो, कारण ते सोपं आहे. सिनेमे बघतो. तू टीव्हीला ती काळी डबी लावून दिलीस, तिच्यातून रोज एक. दुपारी पडदे ओढून घ्यायचे आणि बरोबर तीनला सुरू. अडतीस वर्षं थेटरात मशीन चालवलेला ऑपरेटर मी. तीनचा खेळ चुकवला तर दुपार अंगावर येते. अजूनही वीसेक मिनिटं झाली की नजर आपोआप वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते. रीळ संपत आलं की तिथे ठिपका चमकायचा आणि आपण दुसरं मशीन सोडायचं. आता कसला ठिपका! त्या जागी एक बारकं चिन्ह सारखं बसलेलं असतं. डबीच्या कंपनीचा शिक्का असावा.

आणि सिनेमा मधेच थांबवता येतो, याची मला काही सवय होईना. आमच्याकडे फिल्म तुटून पडदा अर्धा मिनिट पांढरा झाला, तर खालून शिट्ट्या, पाय आपटणं, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. परवा मी नायिकेला जिन्यात थांबवून चहा करायला गेलो. बिस्किटं शोधली, कप विसळला, खिडकीतून जरा रस्ता पाहिला. परत आलो तर बिचारी तशीच एक पाय उचलून उभी. कुणी शिट्टी वाजवली नाही. मला जरा वाईटच वाटलं.

आता माझी मतं ऐक. पहिला पाहिला तो दीपगृहाच्या रखवालदाराचा. समुद्र झकास, बायको त्याहून झकास. पण दोघं जेवायला बसतात आणि दोन घासांत उठतात. हल्ली सिनेमात कुणी ताट संपवत नाही, पाहिलंस का? दार उघडं टाकून निघून जातात, कुलूप म्हणून लावत नाहीत. आणि नट पुटपुटतात किती! आमचे नट शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलायचे, हे आपल्याच शर्टाच्या गुंडीशी बोलतात.

दुसरा, दोन भावांचा. बाप जातो आणि केस कापायचं दुकान दोघांच्या नावे ठेवतो. दुकानात खुर्ची एकच. गिऱ्हाईक येत नाही तेव्हा दोघं एकमेकांचे केस कापत बसतात. शेवटी दोघांच्याही डोक्यावर काही उरत नाही, तरी एक बसतो आणि दुसरा कात्री चालवतो. मी रडलो, मुंगे. चष्मा काढून रडलो.

रविवारी फोन उचलत नाही म्हणून मनात काही आणू नकोस. फोनवर माणूस घाईत भेटतो, पत्रात निवांत. तू दिलेल्या छोट्या फोनवर लिहायला जावं तर एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. आणि दारातल्या गोष्टीचं म्हणशील तर, असल्या गोष्टी काही उभ्याउभ्या ठरत नसतात. विचार करतो आहे.

काल चौथीच्या पुस्तकातली गोगलगाईची कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आठवली. आमच्या गुरुजींनी ती छडीने ठेका धरून म्हणून घेतली होती. तीस वर्षांनी तुझ्या पुस्तकातही तीच. अलीकडे घरात फिरताना ती मनाशीच गुणगुणतो. सोबत होते.

तुझा,
बाबा


ता. २३ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. कामात असशील. नव्या शाखेत हिशेबनीसबाईंना डोकं वर काढायला फुरसत नसणार, हे मी समजतो. पोस्टमनला मात्र समजत नाही. मला जिन्यात बघितलं की तो लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो.

समोरच्या नर्सबाई तुला आठवतात ना? नोकरी संपली तरी अजून सगळ्या जिन्याची नाडी बघतात. त्यांना भावांच्या सिनेमाचं सांगितलं. सांगतासांगता मी पुन्हा चष्मा काढला, तर बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. “अहो, तो विनोदी आहे! माझी बहीण हसून हसून उशी चावत होती!” हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. मी म्हटलं, बाई, विनोदी असेल, पण बघणारा कोण आहे त्यावरही असतं. त्यावर त्या म्हणाल्या, “आणि एक. दुपारची ती गोगलगाय जरा हळू म्हणत जा. माझी झोप मोडते.”

हळू म्हणत जा! मुंगे, मी मनातल्या मनात म्हणत होतो.

असो. या आठवड्यातल्या चारांचं सांगतो. एका धावणाऱ्या मुलीचा. ती पूर्ण वेळ धावते आणि तिचे वडील पूर्ण वेळ कुंपणापाशी उभे. चांगला होता. एक कोर्टातला, तो सोडून दिला. नुसती माणसं उठतात, बोलतात, बसतात. एक वाळवंटातला, त्यात एक उंट आहे, त्याने सगळ्या नटांपेक्षा चांगलं काम केलं. तोंडावर प्रत्येक गोष्ट दिसते त्याच्या. चौथा एका म्हाताऱ्याचा. तो रोज बंदरावर जाऊन बसतो आणि कुणीच येत नाही. असले सिनेमे काढू नयेत.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी खूप विचार केला. घर विकायचं म्हणत असशील, तर माझी ना नाही. तुझ्या आईने मांडलेलं घर आहे, खिडकीच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या रेघा आहेत, सगळं खरं. पण रेघा काय, मला पाठ आहेत. तुला योग्य वाटेल तसं कर. ‘बघू पुढे’ म्हणालो ते आपलं तोंडातून निघून गेलं. माझ्याकडून होकार धर.

दोन ओळी तरी लिही.

तुझा,
बाबा


ता. १७ मार्च

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. ‘घराचं कोण बोललं? बाबा, मी काय विचारलं ते तरी तुमच्या लक्षात आहे का?’

आज सिनेमांचं फार लिहीत नाही. एकच लिहितो, कारण त्यावाचून पुढचं लिहिता येणार नाही.

परवा तीनच्या खेळाला नर्सबाई पेपर परत द्यायला आल्या. दार मी लोटलेलंच ठेवतो. त्या खुर्ची ओढून बसल्या. पडद्यावर दोन बायका एका टेबलाशी कडाकडा भांडत होत्या. नर्सबाईंनी थोडा वेळ टीव्हीकडे पाहिलं, थोडा वेळ माझ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. मग उठल्या, माझ्या उजव्या कानाशी आल्या आणि ओरडल्या, “ऑपरेटर, आवाज बंद आहे!”

मी म्हटलं, “जरा हळू ठेवलाय.”

“हळू नाही, बंद! ती फुली दिसत नाही का तुम्हाला? भोंग्यावरची?”

वरच्या उजव्या कोपऱ्यात, मुंगे. अडतीस वर्षं ज्या कोपऱ्यावर डोळा ठेवून पोट भरलं, त्याच कोपऱ्यात. मी त्याला कंपनीचा शिक्का समजत होतो. तू गेल्यावर कधीतरी धूळ पुसताना बटण दाबलं गेलं असणार. म्हणजे दीपगृहवाला, दोघं भाऊ, कुंपणापाशी उभा राहिलेला बाप, सगळे माझ्यासमोर मुके होते. त्यांचं सगळं बोलणं मीच रचलं. उंट आवडला तो उगाच नाही.

नर्सबाईंनी आवाज सुरू केला आणि वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला. भिंतीवरची आईची तसबीर थरथरायला लागली. मला लांब कुठेतरी कुणी जड कपाट सरकवतंय असं वाटलं. बस, एवढंच. बाईंनी आवाज बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा करून आणला. 

तर हे असं आहे. सहा-सात वर्षं झाली. आधी डावा कान गेला. मशीन त्याच बाजूला असायचं. मग उजवाही निघाला. फोन वाजतो ते कळत नाही, आणि कळून उचलला तर तुझा आवाज पाण्याच्या तळातून आल्यासारखा येतो. माणूस कळतो, शब्द कळत नाहीत. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू काळजीने सगळं टाकून धावत आली असतीस, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण साधं आहे. लाज वाटली. ‘काय?’ असं दोनदा विचारलं की समोरच्याच्या कपाळावर एक आठी येते. ती मी आईच्या कपाळावर पाहिली होती. तुझ्या कपाळावर बघायची नव्हती.

म्हणून मी तीन उत्तरं तयार केली. ‘हं.’ ‘तसंच असतं.’ ‘बघू पुढे.’ या तिघांवर इतकी वर्षं निघाली. पोस्टमनला चालतात, दुकानदाराला चालतात, नर्सबाईंनाही बरेच दिवस चालली.

आता दाराचं. तू खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होतीस. बाहेर गाडी उभी होती. मला तुझा फक्त भांग दिसत होता, आणि त्यात दोन पांढरे केस. माझ्या मुंगीचे केस पिकायला लागले, एवढाच विचार माझ्या डोक्यात चालला होता. तेवढ्यात तू मान वर केलीस आणि बघत राहिलीस. तेव्हा कळलं की तुझं काहीतरी विचारून झालंय. मी तिसरं उत्तर दिलं. तुझा चेहरा उतरला तो मी पाहिला, आणि तरी ‘काय म्हणालीस?’ म्हणून विचारलं नाही. पुढे तर अंदाजाने घर विकून मोकळा झालो.

एक आणखी. हे लिहायचं नव्हतं, पण आता अर्धं सांगण्यात अर्थ नाही. दवाखान्यात शेवटच्या दुपारी आईने माझा हात ओढला आणि काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, ‘हं.’ तिने डोळे मिटले. तू पोचलीस तेव्हा विचारलंस, आई काय म्हणाली? मी म्हटलं, ‘मुंगीला जपा’ म्हणाली. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस. मुंगे, ते मी रचलं होतं. तिला तेच म्हणायचं असेल, मला तसं वाटतंही. पण मला ऐकू आलं नव्हतं. तिचं विचारायचं राहिलं ते राहिलंच. आता कुणाला विचारू?

तुझं राहू द्यायचं नाही.

तू जे काही विचारलंस त्याला ‘हो’ असं लिहून टाकावं, हे आज सकाळपासून दहा वेळा मनात आलं. एकदा तर लिहिलंही, मग कागद फाडला. तेसुद्धा न ऐकता दिलेलंच उत्तर झालं असतं. म्हणून आज उत्तर देत नाही. आज फक्त विचारतो, जे दारात विचारायला हवं होतं: काय म्हणालीस, बाळ?

लिहून पाठव. अक्षर मोठं काढू नकोस, डोळे अजून चांगले आहेत. किंवा सुट्टी मिळाली तर ये आणि समोर बसून म्हण. तुला ते जमतं. शाळा सुटली की तू केबिनमध्ये यायचीस, स्टुलावर उभी राहायचीस आणि दोन बोटांची शिंगं करून, तोंड एवढं उघडून मला गोगलगाईची कविता म्हणून दाखवायचीस. दोन्ही मशिनं घरघरत असायची. तुझा एक शब्दही मला कधी ऐकू आला नाही, आणि एकही माझ्याकडून चुकला नाही.

तुझं पत्र येईपर्यंत तीनचा खेळ बंद ठेवला आहे.

उत्तर हाताशी नसलेला,
तुझा बाबा