सरदारवरचा आळ

फुलंब्री,
१९ नोव्हेंबर २०२३

चि. सांडूस द्वारकाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. सोमनाथ रोज शेंद्र्याला कंपनीत जातोच, म्हटलं जाताना मामाच्या खोलीवर चिठ्ठी टाकून जा. फोन करत नाही. माझा फोन स्पीकरशिवाय बोलत नाही आणि अख्खी गल्ली कान लावून बसलेली असते.

दवाखान्यातून सुटलास, जीव भांड्यात पडला. पायात सळई घातली म्हणे. आता ती आहे तोवर गुमान पडून राहा. इथं जो तो विचारतो, सांडूला काय झालं? तालुक्यात परांची बांधावी तर सांडूनं, असं तुझं नाव. तोच सांडू परांचीवरून पडला, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून सांगून टाकलं, की गावी आला होता, बैलानं मारलं. कोणाच्या, असं विचारल्यावर तात्यासाहेबांचा सरदार तेवढा डोळ्यापुढं आला. आता तूही हेच धरून चाल.

हळद घातलेलं दूध घेत जा. माया आहेच, ती रागावण्यातूनच ओळखावी.

तुझी
द्वारकाअक्का


मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर,
२३ नोव्हेंबर २०२३

ती. द्वारकाअक्कास सांडूचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून इतका हसलो, की प्लास्टर कडकडलं. अक्का, बैलाचं नाव घेण्याआधी मला एकदा विचारायचंस तरी.

माझ्या गाठी सुटल्या नाहीत. ठेकेदार आप्पासाहेबांनी त्या सोडवल्या. शेजारच्या प्लॉटवर त्यांचं भूमिपूजन होतं, मंडपाला दोर कमी पडले. मला न सांगता परांचीच्या खालच्या अंगाचे दोर काढून नेले. मी वर दुसऱ्या मजल्यावर फळी सरकवत होतो. तिकडं भटजींनी नारळ फोडला आणि इकडं मी आलो. कमरेला पट्टा नव्हता. तो आप्पासाहेब देतो देतो म्हणून दोन वर्षं देतच होते.

डॉक्टर म्हणतात, पुन्हा उंचावर चढायचं नाही. मला दुसरं काही येत नाही, अक्का. भीती वाटते, तुला नाही सांगायचं तर कुणाला?

मोफत सल्ला देणाऱ्या युसरा वकीलबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं, कामावर दुखापत झाली की भरपाई हा हक्क आहे. ठेकेदारानं हात वर केले तर इमारत ज्याची त्याला धरता येतं. अर्ज दोन वर्षांच्या आत हवा. बांधकाम कामगार म्हणून माझी नोंद आहे, तिची मदत वेगळी. तेव्हा तुझा बैल गोठ्यात बांध.

तुझा धाकटा, सध्या निम्मा उभा,
सांडू


फुलंब्री,
१० जानेवारी २०२४

चि. सांडूस अ. आ. वि. वि. माझ्या हातून घोळ झाला. काल तुझे आप्पासाहेब सफरचंदं घेऊन विचारपूस करायला इथं आले. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात ओट्यावरच्या बायांनी त्यांना सरदारची सगळी हकीकत ऐकवली. मी बाहेर आले तर त्यांचा चेहरा लग्नघरासारखा फुललेला. खरंच का हो, म्हणून मलाच विचारलं. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. मी मान डोलावली.

सफरचंदं गोड निघाली, पण एक खाऊन बाकीची मी ओट्यावर वाटून टाकली. तुझ्या दाव्याला काही बाध तर येणार नाही ना? लगेच कळव.

तुझी अडाणी
अक्का


मुकुंदवाडी,
२ मार्च २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि. बाध आला. आप्पासाहेबांनी कोर्टात लेखी उत्तर दिलंय, की सांडू आमच्याकडं पडलाच नाही, त्याला गावी बैलानं मारलं, सगळी गल्ली साक्षीला आहे. युसराबाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून मला विचारलं, हा बैल कोण?

गल्लीची साक्ष टिकली तर माझ्या हाती काठीशिवाय काही राहणार नाही. तू तात्यासाहेबांकडं जा. पाया पड, पण खरं काय ते सांग.

तुझ्या मायेवर अवलंबून,
सांडू


फुलंब्री,
७ मार्च २०२४

चि. सांडूस अ. आ. वि. वि. गेले होते. माझ्याआधी तात्यासाहेबांनीच तोंड सोडलं. त्यांचा सरदार लई गुणी हाय, पण मी त्याला मारका केला. एक गिऱ्हाईक ठरवून फिरलं, पोरंबाळं वाट बदलून जातात. माझी मान खाली.

मग त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून पुढ्यात आदळला. तू पडलास त्या दिवशी सरदार जालन्याला जनावरांच्या प्रदर्शनात अंगभर गुलाल घेऊन उभा होता! पहिला नंबर. तारीख फलकावर ठळक. गल्लीनं बैल जाताना बघितला होता, पण माझ्या शब्दापुढं डोळ्यांचं कोण ऐकतो?

ते साक्ष देणार आहेत. अट एकच, निकालानंतरच्या पोळ्याला मी सगळ्यांसमक्ष सरदारला ओवाळून त्याची माफी मागायची. कबूल केलं.

आशीर्वाद आहेतच, आता थोडी अक्कलही आली आहे.

अक्का


मुकुंदवाडी,
१५ जुलै २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि. निकाल लागला! ठेकेदार आणि इमारतीचा मालक, दोघांनी मिळून भरपाई द्यायची. भटजींनी मंत्र अर्धा सोडून माझ्याकडं धावल्याचं सांगितलं, सरदारचा फोटो कामी आला, पण मला विचारशील तर तुझी साक्ष भारी पडली. समोरच्या वकिलानं तुला विचारलं, की बाई, तुम्ही गावाला खोटं सांगितलं, मग आज खरं कशावरून? तू म्हणालीस, माझं खोटं भावाची अब्रू राखायला होतं आणि फुकटचं होतं, तुमच्या साहेबांचं पैसे वाचवायला आहे. न्यायाधीशांनी फाईल तोंडापुढं धरली, मी पाहिलं. त्या दिवशी गर्दीत बोलता आलं नाही. अक्का, मला तुझा अभिमान वाटला.

आता परांचीचं सामान भाड्यानं द्यायचं दुकान टाकतोय. वर पोरं चढतील, मी खालून बघेन. पट्ट्याशिवाय एकालाही चढू देणार नाही.

पोळ्याला येतो. माफीनामा पाठ कर.

तुझा
सांडू


फुलंब्री,
२४ ऑगस्ट २०२५

चि. सांडूस अ. आ. वि. वि. परवा तू संध्याकाळच्या गाडीनं निघालास, गडबडीत बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. मला बैलानं मारलं. शपथेवर सांगते.

ओवाळलं, माफी मागितली, पुरणपोळी पुढं केली. त्या गुणी बैलानं पोळी खाल्ली आणि मग अशी ढुशी दिली, की मी ताटासकट शेणात बसले. कंबर अजून सरळ होत नाही. पण कुणाला पटेल तर! सगळे झुली आणि बाशिंगं बघण्यात गुंग होते. तात्यासाहेब म्हणतात, कोर्टानं निर्दोष ठरवलेला बैल आहे, तुमचाच पाय घसरला. गल्ली म्हणते, अक्कानं पुन्हा बैल काढला. तू तिथंच होतास. तू तरी काही पाहिलंस का?

शेकत बसलेली
अक्का


मुकुंदवाडी,
२७ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि. पाहिलं. सरदारनंच मारलं, तेही नेम धरून. कुठंही साक्ष देईन. युसराबाईंना विचारलं, अक्काला भरपाई मिळेल का. त्या म्हणाल्या, आधी सरदारनं तिला कामावर ठेवल्याचं दाखवावं लागेल.

कंबर शेकत राहा. रागावत राहा, त्यावाचून करमत नाही.

तुझा
सांडू

ता. क. तू पडलीस तेव्हा मी ओट्यावरून धावत आलो आणि दोन्ही हातांनी तुला उठवलं. गाडीत बसल्यावर हात रिकामे वाटले. माझी काठी तुझ्या ओट्याला टेकलेली असेल. सोमनाथबरोबर पाठवू नकोस.