स्टॅनीचं व्हायोलिन

प्रिय रेजिनाबाय,

जमिनीच्या धंद्यात धमक्या आल्या म्हणून घेतलेल्या माझ्या पिस्तुलाची खरी किंमत म्हणजे तुझ्या नवऱ्याची, स्टॅनीची, दोन बोटं. माझे कान तिखट आहेत. चर्चमध्ये मिस्साच्या पहिल्याच गीताला स्टॅनीचं व्हायोलिन नसलेलं कळतं.

त्यानं विचारलंही होतं, "फर्डीदादा, गोळ्या काढल्यात ना?"

"तू मला शिकवतोस? प्रशिक्षणात पहिला आलोय मी!" म्हणत मी चाप ओढून दाखवला.

पोलिसांना तो म्हणाला, "चूक माझी, मीच मध्ये हात घातला." तुलाही तेच खरं वाटतं. खरं सांगायला दोनदा वटारला तुझ्या घरापर्यंत आलो आणि दारातूनच परतलो.

परवान्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं होतं, एका सकाळचं. दाखला ओळखीनं घरपोच आला. मी तिथं गेलोच नव्हतो.

तुझा शरमिंदा दादा,
फर्डिनंड