पोपटाची उलटी बाजू

चिंचवड, बुधवार, २१ नोव्हेंबर १९७३

पाणी भरताना शेजारच्या कमलताई म्हणाल्या, "वहिनी, भरतकाम शिकताय वाटतं? काल नाक्यावर भाऊजी दिसले. डब्याच्या पिशवीवर नुसत्या गाठीच गाठी!" मी हसले. त्या पिशवीवर मी पोपट भरलाय, पंखातच पाच हिरवे दोरे आहेत. मग गाठी कुठल्या?

हे शिफ्टवरून आल्यावर विचारलं. म्हणाले, "अगं, पोपट बघून खात्यातली माणसं चिडवतात. म्हणून नाक्यावर गेलो की पिशवी उलटी करतो." महिनाभर हेच चाललंय.

पोपट लपवला त्याचं मला काही नाही. खरंच नाही? नसावं. कंपनीत पोपटाचं काय काम. पण गाठी चारचौघांत मिरवल्या, ते लागलं. भरतकामाची उलटी बाजू मी सख्ख्या बहिणीलाही दाखवत नाही.

चहा झाल्यावर पोपट सगळा उसवला. आता नव्याने भरतेय, मागे एकही गाठ न ठेवता, दोन्हीकडून सारखा. चोच झाली. उलटून पाहिली, परत उलटली. सुलट कुठली ते मलाच कळेना.

आता खुशाल करू देत पिशवी उलटी.