डेल्फीनची माणसं

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय कोडी,

आपल्या मसुद्यातलं चौथं तत्त्व अडकलंय, हे खरं आहे. आज सकाळी व्हर्नामावशीनं चर्चबाहेर तसं सांगितलं. माझ्यामुळे अडकलंय, हेही तिनंच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

बाकी ठीक. तळ्याच्या कडेनं बर्फ धरलाय. आईचा गुडघा दुखतोच आहे. माझा बॅनक पाव खाताना म्हणते, "कोडीचा मऊ होतो."

शुक्रवारी वस्तीच्या सभागृहात आम्ही वर्तुळात बसलो होतो. आपल्या आदिवासी बायका, तुझ्यासारखी दोन आत्म्यांची, म्हणजे बाई आणि पुरुष दोन्ही अंगी असलेली माणसं नाहीशी होतात, मारली जातात, तेव्हा पोलिसांनी आणि सरकारनं कुठल्या तत्त्वांनी चालायचं, ते ठरवायला. चौथं वाचलं: तिचं कुटुंब कोण, हे तिनं जगताना ठरवलेलं असतं, तेच धरावं. ज्याच्या हाती ते त्यानं बोलायचं, असं गरुडाचं पीस हातोहात फिरत माझ्याकडे आलं; प्रत्येकाचा होकार आल्याशिवाय तत्त्व पुढे जात नाही. मी काही न बोलता पुढे दिलं.

मावशीनं ते परत मागवलं. "लेनोर, तुझा होकार ऐकू आला नाही."

"मी नाही कुठं म्हटलं?"

"गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली, असं धरणाऱ्यांमुळेच आपण इथं बसलोय, बाई."

मागून एल्सी म्हणाली, "तिला आधी भांडून येऊ दे. कुणाशी, ते सगळ्यांना ठाऊक आहे." सगळे हसले.

तर भांडते. डेल्फीन माझी पाठची बहीण. तिच्या वेण्या मी घातल्या. शहरात तुम्ही दोघांनी संसार मांडलात आणि तिचं सगळं तुझं झालं. मला रविवारी फोन, तोही हवापाण्याचा. घरापर्यंत मागे येणाऱ्या त्या गाडीवाल्याबद्दल तिनं तुला सांगितलं. मला नाही.

ती परतली नाही, त्याच संध्याकाळी तू चौकी गाठलीस. "रक्ताचं नातं आहे का?" म्हणत तुला हाकललं. मी मासेमारीच्या तळावर, तिथं फोन लागत नाही. मी येईपर्यंत तक्रार कुणी लिहून घेतली नाही. त्या दिवसांत शोधलं असतं तर ती सापडली असती का, हे आपण दोघंही बोलत नाही. दोन वर्षं झाली.

पण हे सांगायलाच हवं. "तुम्ही सख्ख्या बहीण ना?" म्हणत फौजदारानं मला खुर्ची दिली. तुला दाराशीच थांबवलं होतं. मला क्षणभर बरं वाटलं, कोडी. ती सापडत नव्हती आणि मला बरं वाटलं. शुक्रवारी माझं तोंड त्यामुळेच उघडलं नाही.

गुरुवारी वर्तुळ पुन्हा बसेल. मी हो म्हणेन, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. मग सरकारी माणसांपुढे तिच्याबद्दल कोण बोलणार ते ठरेल, आणि सगळे तुझंच नाव घेतील. तू बोल. फक्त ती गोड होती, हसरी होती, असलं काही सांगू नकोस. ती हट्टी होती, आणि हरली की पत्ते फेकायची.

तुझी बस गुरुवारी दुपारी पोचेल. घ्यायला मीच येईन. गाडीत बोलेन की नाही, ते आता सांगता येत नाही.

तुझ्यावर अजून जळणारी, आणि तुझ्याच घरची,
लेनोर